आई दारात विचारते तेच

सोमवार, ९ सप्टेंबर

मेलं एकदाचं. अपडेट चालू होतं आणि मी इस्त्री लावायला लॅपटॉपचा प्लग काढला. बॅटरी दोन वर्षांपासून निकामी आहे हे मला माहीत नव्हतं का? होतं. तरी काढला. आता काळा पडदा, आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकते आहे. बाकी काही नाही.

चार गिऱ्हाइकांच्या यासीनच्या पुस्तिका अडकल्या. मेलेल्या माणसाच्या चाळिसाव्या, शंभराव्या, हजाराव्या दिवशी लोक जमून वाचतात त्या. वर त्या माणसाचा फोटो, आत कुराणातला यासीनचा पाठ आणि प्रार्थना, मागे घरच्यांची नावं. वीस वर्षं हेच करते आहे. आणि पाचवी पुस्तिका आईची. तिचा हजारावा दिवस २ ऑक्टोबरला. साऱ्या गल्लीच्या मेलेल्यांच्या पुस्तिका मी केल्या, आणि आईचीच अडकावी!

छापखानेवाल्या गितोंना फोन केला. म्हणाले, "अठ्ठावीसला फाइल हातात आली नाही तर मला बोल लावायचा नाही, बू मुर्नी. तुमची आई म्हणून मशीन जोरात फिरत नाही."

बू म्हणतात मानाने, पण गोड बोलायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलंच नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर

पेनड्राइव्हवरून लिनक्स नव्याने टाकलं. अर्धा तास. आत शिरले तर सगळं कोरं. फॉन्ट नाहीत, प्रिंटर ओळखत नाही, ब्राउझर म्हणजे रिकामं घर. अक्षरं मुंगीएवढी.

याच वेळेसाठी सेतोने एक स्क्रिप्ट लिहून बाहेरच्या डिस्कवर ठेवली आहे. नाव दिलंय 'पुलिह'. आजारी माणूस बरं होतं ते पुलिह. एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचा, की यंत्र आपलं आपण सगळं मांडतं: ब्राउझर, त्यातल्या बुकमार्कच्या खुणा, फॉन्ट, प्रिंटर, आणि शेवटी त्याच डिस्कवरची, माझं रोजचं काम आपोआप जाऊन पडतं ती कुलूपबंद पेटी उघडतं. सुराबायाच्या बंदरात तो शंभर यंत्रं अशीच मांडतो म्हणे. धाकटा भाऊ माझा. वयाने धाकटा, शिकवायला मोठा.

मी चालवणार नाही. पावणेतीन वर्षं त्याच्याशी एक शब्द बोलले नाही, त्याच्या ओळी कशाला चालवू? हाताने मांडीन. तो नव्हता तेव्हाही मांडतच होते.

गुरुवार, १२ सप्टेंबर

दोन दिवस हाताने. प्रिंटर लागला. फॉन्ट टाकले. मग बिस्मिल्लाह उघडून पाहिलं तर अरबी अक्षरं सुटी! लाम एकीकडे, मीम दुसरीकडे, कोणी कोणाचा हात धरायला तयार नाही. हे छापलं तर लोक मला गल्लीत राहू द्यायचे नाहीत. बरोबर आहे त्यांचं.

काहीतरी एक सेटिंग राहते आहे. ती सेतोला माहीत आहे. मला नाही.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

चालवली. नाक मुठीत धरून.

पहिलीच ओळ उमटली, "धीर धर, म्बाक." थोरल्या बहिणीला म्बाक म्हणायची रीत त्याला यंत्रात बरी आठवते. मग "फॉन्ट टाकतोय." मग "आता चहा पी, पाच मिनिटं लागतील." प्यायले नाही. तोंड कोरडं पडलं तरी प्यायले नाही. पाच मिनिटं पडद्याकडे डोळे वटारून बसले.

सगळं लागलं. हेच तर चीड आणतं. अरबी अक्षरं जुळली. ब्राउझर उघडला तो माझ्या खुणांसकट, मी ठेवल्या होत्या त्याच क्रमाने: छपाईचे कागद, प्रार्थनांचे पाठ, जावा पंचांग. पडद्यावरची अक्षरं सव्वापट मोठी. माझे डोळे थकलेत म्हणून आधीच मोठी करून ठेवलीत! कोणी सांगितलं होतं?

आणि एक खूण माझी नाही. सगळ्यांच्या आधी, डाव्या टोकाला. नाव 'गुरुवार'. दाबली तर सुराबायाच्या बसचं वेळापत्रक. तो इथे यायचा तो गुरुवारी. स्वतःची खूण माझ्या डोक्यावर मारून ठेवली आहे. पुसून टाकली.

मग पेटी. प्रश्न आला: "पेटीचा पासवर्ड? (आई दारात विचारते तेच. छोटी अक्षरं, मधे जागा नको.)"

विचारते! अजून वर्तमानकाळ. त्याच्या स्क्रिप्टमध्ये आई अजून जिवंत आहे, दारात उभी आहे. मातीत जाऊन तीन वर्षं होत आली.

आई दारात एकच विचारायची. विस मांगान? जेवलीस का? शाळेतून आले, बाजारातून आले, नुसती अंगणात जाऊन आले तरी. तेच टाकलं.

"चूक."

शनिवार, १४ सप्टेंबर

विस मांगान. विस मांगान न्दुक, कारण मला ती न्दुक म्हणायची. विस मांगान ले, कारण त्याला लहानपणी ले म्हणायची. प्रश्नचिन्ह लावून. न लावता. ओळीने एकवीस वेळा. चूक, चूक, चूक.

याहून वेगळं आई काय विचारणार? पोटच्या पोरांसाठी आईच्या तोंडी दुसरा शब्द येणार कुठून?

सोमवार, १६ सप्टेंबर

वाटलं स्क्रिप्टच बिघडली असेल. लिनक्स पुन्हा टाकलं, पुन्हा चालवली. पुन्हा "धीर धर, म्बाक." पुन्हा चहा. पुन्हा 'गुरुवार' डोक्यावर. पुन्हा चूक.

खूण पुन्हा पुसली.

दुपारी एक गिऱ्हाईक आलं. जाकार्तात वाढलेला पोरगेलासा गृहस्थ, आजोबांच्या शंभराव्या दिवसाची पुस्तिका हवी. कोणीतरी सांगितलं असणार की म्हाताऱ्या बाईशी शुद्ध जावा भाषेत बोल. मी म्हटलं बसा, चहा टाकते. तर म्हणतो, "नको बू, मी आत्ताच धाहार करून आलो." स्वतःला धाहार! आपण आत्ताच भोजनाला बसलो होतो, असं स्वतःविषयी सांगितल्यासारखं झालं. धाहार मोठ्यांना, पाहुण्यांना, परक्या भल्या माणसांना. लेकरांना मांगान आणि स्वतःलाही मांगानच. हे आमच्याकडे चौथ्या वर्षी येतं. मी हसू दाबलं, पण त्याला कळलं आणि त्याचे कान लाल झाले.

हसले ते बरं वाटलं. आठवडाभरात पहिल्यांदा.

बुधवार, १८ सप्टेंबर

स्क्रिप्ट उघडून ओळ न् ओळ वाचली. पासवर्ड आत कुठेही लिहिलेला नाही. तेवढा शहाणा आहे तो.

वाचता वाचता तो दिवस आठवला, ही स्क्रिप्ट टाकून दिली तो. त्याचा शेवटचा गुरुवार. मी दर गुरुवारी पुस्तिका पोचवायला बाहेर असते, कारण गुरुवारी संध्याकाळी घरोघर पठण असतं. आईजवळ शेजारच्या बू पोनिराह बसायच्या. त्या दिवशी पाच वाजता परतले तर आई झोपलेली, हा माझ्या यंत्रापुढे. सगळं समजावून सांगितलं, डिस्क हातात दिली, चपला घातल्या. मग दारात थांबून म्हणाला, "म्बाक, तू हे कसं सोसतेस?"

हे! आईला 'हे' म्हणाला. ती विसरायला लागली होती, मीठ दोनदा घालायची, मांजराला वडिलांच्या नावाने हाका मारायची. म्हणून ती 'हे' झाली. मी म्हटलं, "बरं सोसते. तुझ्यासारखी पंधरा मिनिटांत पळत नाही." तो निघून गेला. नंतर पाच महिने फिरकलाच नाही, थेट मयताला आला.

आणि ते ब्रोंकोस. दर गुरुवारी सकाळी उठून मी त्याच्यासाठी ब्रोंकोस करून ठेवायची, काळ्या रश्श्याचं, त्याचं लहानपणापासूनचं आवडतं. परत यावं तर तो कधीच गेलेला, झाकण उघडावं तर पातेलं जसंच्या तसं. बू पोनिराहना विचारलं की म्हणायच्या, "साम्पुन म्हणाला हो. झालंय म्हणाला." पाहुणा साम्पुन म्हणतो, पोटात कावळे ओरडत असले तरी, ती रीतच आहे. पण हा पाहुणा होता का? आईच्या घरात, बहिणीच्या हातचं, सात तास बस धक्के खात येऊन? माझ्या हातचं त्याला चालत नव्हतं, एवढंच.

आई बिचारी संध्याकाळी सांगायची, "आज एक मास आले होते, फार सभ्य गृहस्थ, बराच वेळ बसले." मास म्हणजे परका भला माणूस; पुस्तिका न्यायला आलेलं कोणी गिऱ्हाईक असणार. परके लोक तिच्यापाशी बसत होते. पोटचा मुलगा घड्याळ बघत होता.

म्हणून मयताच्या दिवशी केलं ते केलं. तो ओसरीत येऊन बसला, आणि मी चारचौघांत म्हटलं, "बू पोनिराह, पाहुण्यांना चहा द्या. झाकणाच्या ग्लासात." झाकणाचा ग्लास परक्या पाहुण्यांसाठी असतो; सगळ्यांनी ऐकलं. तो उठला, आईच्या मातीवर मूठ टाकून आला आणि तसाच बस गाठून गेला. चहावरचं झाकणही काढलं नाही.

मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. आजही वाटत नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आठ दिवस राहिले. गितोंचा निरोप आला, "फाइल करताय की नुसताच शोक करताय?"

सेतोचा नंबर बंद करून ठेवला होता तो उघडला. जे झालं ते जसंच्या तसं उतरवून ठेवते, उद्या कोणी मलाच खोटं पाडायला नको.

मी: पेटी उघडत नाही. पासवर्ड पाठव.

दोन तासांनी तो: आई दारात विचारायची तेच, म्बाक.

मी: तेच टाकलं. विस मांगान. पंचवीस वेळा. चालत नाही.

मग 'लिहीत आहे' असं दिसायला लागलं. थांबलं. पुन्हा दिसलं. मी तांदूळ निवडून उरकले तरी याचं लिहिणं चालूच. शेवटी आलं काय, तर: तुला विस मांगान विचारायची?

मी: मग काय विचारणार? शेवटच्या सकाळीसुद्धा विचारलं. विस मांगान, न्दुक. तू इथे असतास तर तुझ्याही कानांवर पडलं असतं.

निळ्या खुणा झाल्या. वाचलं त्याने.

असं सुनावलं पाहिजे होतं कधीचं.

शनिवार, २१ सप्टेंबर

उत्तर नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

पुन्हा लिहिलं: पासवर्डच पाठव, बाकी काही नको.

संध्याकाळी आलं: "ते मला टाइप करायला लावू नकोस, म्बाक."

टाइप करायला लावू नकोस! दोन शब्द टाइप करताना साहेबांची बोटं दुखतात. बंदरात शंभर यंत्रं मांडणारा माणूस! मी लिहिलं, "राहू द्या. पाहुण्यांना तसदी नको." आणि नंबर पुन्हा बंद केला.

मुद्दाम बदललाय त्याने पासवर्ड. आईचे सगळे फोटो, तिची पुस्तिका, माझं वीस वर्षांचं काम कुलपात घालून किल्ली खिशात घेऊन बसलाय. मयतातलं उट्टं काढतोय.

मंगळवार, २४ सप्टेंबर

आईची पुस्तिका पहिल्यापासून करायला घेतली. प्रार्थना पाठ आहेत, टाइप करते आहे. नावं आठवून आठवून. मुलं: मुर्नी, सेतो. दुसरं नाव गाळावं का, असा विचार करत पाच मिनिटं बसले. ठेवलं. आईसाठी.

फोटो नाही. निळ्या केबायातला, सणाच्या लांब पोलक्यातला, तो फोटो पेटीत आहे, ज्यात ती कशाला तरी हसते आहे. ओळखपत्रावरचा हाती लागला, तो मोठा केला. चोरी करताना धरल्यासारखी दिसते. हा फोटो घेऊन लोक तिच्यासाठी प्रार्थना करणार. रडले. रागानेच रडले, पण रडले.

गुरुवार, २६ सप्टेंबर

पुस्तिका पोचवून चारला आले. बू पोनिराह हजाराव्या दिवसाच्या स्वयंपाकाचं ठरवायला आल्या. किती नारळ, किती केळीची पानं, आपेमचे घावन कोण करणार. पडद्यावर आईचा तो चोरटा फोटो होता. त्या बघून म्हणाल्या, "हा कसला लावलास ग? ती अशी नव्हती. शेवटी शेवटी तर काय रीतीची झाली होती! राजवाड्यातली बाई वाटावी."

मी म्हटलं, "रीतीची? मला तर सुईसारखी टोचायची."

"तुला होय. तुला ती ओळखत होती." त्या खुर्चीत रेलून बसल्या. "सेतो यायचा ना गुरुवारी, तेव्हा बघायला हवं होतंस. दारात तो दिसला की ही पदर सारखा करायची, हात जोडायची आणि म्हणायची, 'साम्पुन धाहार, मास?' पोटच्या पोराला परक्यासारखं धाहार, वर मास! मी आधी हसले, म्हटलं थट्टा करते आहे. थट्टा नव्हती."

त्या बोलत राहिल्या.

"तो बिचारा काय म्हणणार? म्हणायचा, साम्पुन, बू. मग ही त्याला पाहुण्यांच्या खुर्चीत बसवायची. झाकणाच्या ग्लासात चहा द्यायला लावायची. कुठून आलात, विचारायची. तो म्हणायचा, सुराबायाहून. तर म्हणायची, 'इतक्या लांबून! माझा मुलगा तिथेच असतो. सेतो नाव. ओळखता का?'"

"मग?"

"म्हणायचा, ओळखतो, बरा आहे तो. 'त्याला सांगाल का, वेळेवर जेवत जा म्हणावं.' सांगतो, म्हणायचा. दर गुरुवारी हेच. सात महिने. तुला ठाऊक असेलच की."

मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "वीस नारळ पुरतील." त्या म्हणाल्या, पंचवीस आण. आणि गेल्या.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

साम्पुनधाहार. एका फटक्यात पेटी उघडली. निळ्या केबायातला फोटो तिथेच आहे.

त्याला वाटत होतं, ती मलाही तेच विचारते. दोघांनाही विसरली, आणि मी ते रोज सोसते आहे. गेल्या शुक्रवारपर्यंत तसंच वाटत होतं त्याला. मग मी लिहून पाठवलं.

फाइल गितोंना देऊन आले. सेतोचा नंबर उघडला, सकाळपासून लावते आहे, उचलत नाही. 'गुरुवार' पुसून टाकलेली, म्हणून 'पुलिह' पुन्हा चालवली. ती डोक्यावर आली. या वेळी नीट वाचली. ती त्याच्या इकडे येण्याची बस नाही, इथून तिकडे जाणारी आहे. माझ्यासाठी होती.

उद्या पहाटे साडेपाचची. ब्रोंकोस शिजतंय, डब्यात नेते. दारात विचारीन, विस मांगान, सेतो? आणि तो साम्पुन म्हणाला तर?